‘एकदा बसून करून टाकू’ म्हणून पडून राहिलेल्या कामाचा आराखडा

प्रत्येक घरात एक तरी असं काम असतं, ज्याचा विषय निघाला की सगळे माना डोलावतात आणि म्हणतात, “एकदा बसून करून टाकू.” कुणाची गच्चीवरची बाग असते, कुणाची आईच्या पदार्थांची वही, कुणाला पन्नाशीत संवादिनी शिकायची असते. बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा या भागांत ज्यांची दोन-तीन पिढ्यांची मराठी घरं आहेत, त्यांच्याकडे हे काम बहुतेक वेळा एका पत्र्याच्या ट्रंकेत बसलेलं असतं. आत गायकवाड सरकारच्या नोकरीतले हुकूम, मोडीतली पत्रं, कोपरे गेलेले फोटो आणि तळाशी डांबरगोळ्यांची पूड.

माझी नोकरीतली बहुतेक वर्षं शहराबाहेरच्या एका मोठ्या कारखान्यात शटडाऊनचं नियोजन करण्यात गेली. शटडाऊन म्हणजे प्लँट ठरवून काही आठवडे बंद ठेवायचा आणि त्या मुदतीत शेकडो दुरुस्त्या उरकायच्या. तिथली माणसं घरच्या माणसांपेक्षा शिस्तीची असतात असं मुळीच नाही. फरक इतकाच की तिथे काम कधी संपलं म्हणायचं हे आधी लिहिलेलं असतं आणि रोज सकाळी कुणीतरी समोर उभं राहून विचारतं, “काल काय झालं?” घरच्या कामात हे दोन्ही नसतं. इच्छा असते, सवडही थोडीफार असते, पण शेवट ठरलेला नसतो आणि विचारणारं कोणी नसतं. खाली जे सांगतोय ते सगळं या दोन उणिवा भरून काढण्यासाठी आहे.

उदाहरण म्हणून आमच्याच घरची ट्रंक घेतो. ती जुन्या वाड्यातून बहिणीकडे गेली आणि भाचीनं ती मनावर घेतली. तुमचं काम वेगळं असेल. पायऱ्या त्याच राहतील.

आधी ‘झालं’ म्हणजे काय ते लिहा

भाची आयटीत आहे. तिनं फोनवरच्या एका ॲपमध्ये रंगीबेरंगी कार्डांचा फळा आधीच तयार केला होता. कार्डं भरपूर, पण हललेलं एकही नाही.

“मामा, ट्रंकेतलं सगळं डिजिटाइझ करायचंय.”

“झालं हे कशावरून कळणार?”

“सगळं स्कॅन झालं की झालं.”

“सगळं म्हणजे विजेची जुनी बिलंसुद्धा? आणि लग्नपत्रिकांचा तो गठ्ठा?”

“ते कशाला?”

“मग सगळं म्हणू नकोस.”

अर्धा तास घासाघीस होऊन जे वाक्य कागदावर उतरलं ते असं: ‘३१ डिसेंबरपर्यंत पणजोबांची पत्रं, त्यांच्या नोकरीचे कागद आणि १९६० पूर्वीचे फोटो यांच्या नीट वाचता येतील अशा प्रती तीन ठिकाणी ठेवलेल्या असतील आणि फोटोतल्या माणसांची नावं आत्याआजीला विचारून लिहिलेली असतील.’

या वाक्यात तारीख आहे, काय घ्यायचं त्याची हद्द आहे आणि एक माणूस आहे. माणूस सर्वांत महत्त्वाचा. माझी आत्या ऐंशीच्या घरात आहे, मुलाकडे न्यू जर्सीत असते आणि हिवाळ्यात लग्नसराईच्या निमित्तानं बडोद्याला येते. त्या फोटोंतले चेहरे ओळखणारं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. म्हणून डिसेंबर. मनानं ठरवलेली तारीख आपण मनानंच पुढे ढकलतो, पण विमानाचं तिकीट आपल्या सोयीनं सरकत नाही. तुमच्या कामालाही अशी बाहेरची खुंटी शोधा. ‘संवादिनी शिकायची’ याऐवजी ‘यंदाच्या गणपतीत दोन आरत्यांना मी साथ करीन’. ‘गच्चीवर बाग करायची’ याऐवजी ‘दिवाळीच्या फराळाला घरची कोथिंबीर आणि मिरची’. वाक्य वाचून शेजाऱ्यालासुद्धा सांगता आलं पाहिजे की काम झालं का नाही.

त्याच पानाच्या मागच्या बाजूला ‘यात नाही’ असं लिहून यादी करा. आमच्या यादीत मोडी वाचणं, वंशावळ काढणं, पुस्तक छापणं आणि लग्नांच्या कॅसेटी आल्या. कारखान्यात शटडाऊनच्या कित्येक महिने आधी जॉब लिस्ट गोठवतात. त्यानंतर कुणी कितीही वरचा साहेब आला तरी नवा जॉब घुसवायला त्याला लेखी कारण द्यावं लागतं. घरी तेवढा दरारा कुणाचाच नसतो, त्यामुळे निदान कागद तरी हवा.

मग काम एका बैठकीएवढं होईपर्यंत मोडा

शटडाऊनच्या यादीत ‘पंप बघणे’ असं कोणी लिहीत नाही. ‘अमुक पंपाचं मेकॅनिकल सील बदलणे’ असं लिहितात, कारण फिटरला सकाळी उठून विचार करायचा नसतो, पाना उचलायचा असतो. घरच्या यादीतही प्रत्येक ओळीत एक क्रियापद हवं आणि ते काम एका बैठकीत, म्हणजे दीड-दोन तासांत उरकेल एवढंच हवं. ‘स्कॅनिंग’ ही ओळ कामाची नाही. ती एखाद्या खात्याची पाटी झाली.

मोडताना शेवटाकडून मागे या. आत्याआजी नावं सांगणार, तर तिच्यासमोर फोटो हवेत. तिची नजर आता फोनवर ठरत नाही, म्हणजे मोठ्या आकाराचे छापील फोटो हवेत. ते छापायला स्कॅन हवेत. स्कॅन करायला फोटो साफ आणि सपाट हवेत. त्याआधी ते अल्बममधून सोडवायला हवेत. असं मागे चालत गेलं की मधली एकही पायरी निसटत नाही. पुढून निघालं की नेमकी ‘मोठे प्रिंट काढणे’ ही ओळ राहते आणि ती शेवटच्या आठवड्यात आठवते.

भाचीच्या वहीतलं एक पान जसंच्या तसं देतो:

ट्रंक बाहेर काढून चादरीवर रिकामी करणे. चार ढीग लावणे: पत्रं, नोकरी, फोटो, आणि ‘यात नाही’. गंजलेल्या स्टेपलरच्या टाचण्या काढणे, ओढून नाही, दोन्ही पाय उलगडून. मऊ कोरड्या ब्रशनं धूळ झटकणे. घड्या उलगडून जाड पुस्तकाखाली रात्रभर ठेवणे. पत्रं ३०० डीपीआय, फोटो ६०० डीपीआय. फाइलचं नाव सालापासून सुरू करणे. प्रत दुसऱ्या डिस्कवर.

कागदांच्या कामाला हात घालणाऱ्यांसाठी यातल्या काही गोष्टी जरा उलगडून सांगतो. डीपीआय म्हणजे स्कॅनमध्ये एका इंचात किती ठिपके. साध्या अक्षरी मजकुराला ३०० डीपीआय पुरतं. फोटो पुढे मोठे छापायचे असतात म्हणून तिथे ६००. नाव सालानं सुरू केलं, म्हणजे ‘१९३४-०५-पत्र-०१२’ असं, की फाइली आपोआप काळाच्या क्रमानं लागतात. साल ठाऊक नसेल तर अंदाजानं ‘१९३०चं दशक’ एवढंच लिहा, उगीच छातीठोकपणे आकडा घालू नका. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप सुटते आणि तिचा पिवळा चिकट डाग मात्र कागदात राहतो. आणि लॅमिनेशन अजिबात नको. दुकानदार ‘कायमचं टिकेल’ म्हणतो, पण उष्णतेनं आणि गोंदानं कागदाचं नुकसान होतं आणि तो परत मोकळा करता येत नाही. फोटोच्या मागे लिहायचंच असेल तर मऊ शिसपेन्सिल वापरा, बॉलपेन नको.

काय कशासाठी थांबलंय?

१९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीनं संगणकवाल्यांच्या मदतीनं एक पद्धत बसवली: सगळी कामं एकमेकांशी बाणांनी जोडायची आणि सर्वांत लांब साखळी शोधायची. त्या साखळीतलं एक काम दिवसभर लांबलं की सगळा प्रकल्प दिवसभर लांबतो. बाकीच्या कामांना थोडी ढील असते. रासायनिक कारखान्यांची उभारणी आणि देखभालीचे बंद यांसाठीच ती निघाली होती, म्हणून आम्हा शटडाऊनवाल्यांना ‘क्रिटिकल पाथ’ हा शब्द तोंडपाठ. घरी संगणक लागत नाही. प्रत्येक ओळीपुढे ‘कशासाठी थांबलंय?’ एवढं लिहिलं तरी चित्र उभं राहतं.

आमच्याकडे दोन गोष्टी निघाल्या. एक, आत्याआजीची साखळी फोटोंची होती, पत्रांची नव्हती. ट्रंकेत पत्रं वर आणि फोटो तळाला, त्यामुळे सहज हातात पत्रंच येत होती. पण आधी फोटो घ्यायचे ठरले.

दुसरी गोष्ट पावसाची. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत बडोद्याची हवा ओली असते. कागद ती ओल पितो, चिकटलेले फोटो सोडवायला गेलं की वरचा थर निघून येतो, आणि कसरीला तर हाच मोसम मानवतो. म्हणजे ट्रंक उघडून करायची सगळी कामं उत्तरायण (म्हणजे संक्रांत) ते मे अखेर एवढ्या कोरड्या खिडकीत बसवायची. पावसाळ्यात फाइलींची नावं, याद्या, टंकलेखन असं संगणकावरचं काम. दिवाळीनंतर छपाई. डिसेंबरात आत्याआजी. तारखा अशा ठरल्या. कुणाच्या उत्साहावर त्या बेतल्या नव्हत्या.

जाता जाता: ट्रंक तळमजल्यावर असेल तर आराखडाबिराखडा नंतर, पहिलं काम ती वर नेण्याचं. विश्वामित्री नदीचं पाणी २०१९ आणि २०२४ साली कुठे कुठे शिरलं ते बडोदेकरांना सांगायला नको.

किती वेळ लागेल हे मनाला विचारू नका

इथे नवखे सर्वांत जास्त फसतात, आणि मुरलेलेही. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली या फसण्याला नावही देऊन ठेवलं: नियोजनातला भ्रम. आपण अंदाज करताना सगळं सुरळीत होईल असंच चित्र डोळ्यांपुढे आणतो. मागच्या खेपेला काय झालं होतं ते त्या घटकेला आठवत नाही. १९९४ साली बुहलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल ते विचारलं. सरासरी अंदाज आला ३३.९ दिवसांचा. प्रत्यक्षात लागले ५५.५. दीडपटीहून जास्त, आणि तेही ज्यांच्या मानेवर परीक्षा बसलेली होती त्यांचे.

त्यामुळे अंदाज मनात करू नका, मोजा. कामाचा छोटा नमुना घ्या आणि घड्याळ लावून करून बघा. वीस कागद घेतले, टाचणी काढण्यापासून फाइलला नाव देण्यापर्यंत सगळं केलं आणि समजा ८० मिनिटं लागली. म्हणजे कागदाला चार मिनिटं. ट्रंकेत असे सातशे कागद असतील तर २,८०० मिनिटं, साधारण ४७ तास. आठवड्याला चार तास मिळतात, म्हणजे १२ आठवडे. त्याची दीडपट १८. उत्तरायणानंतरच्या रविवारपासून १८ आठवडे मोजले की मे महिन्याचा शेवटचा आठवडा येतो. पाऊस जूनच्या मध्याला. बसलं! नसतं बसलं तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर, ‘यात नाही’च्या यादीत आणखी एक ढीग ढकलायचा होता. मे महिन्यात कळण्यापेक्षा जानेवारीत कळलेलं केव्हाही परवडतं.

ही दीडपट बघून लोक नाक मुरडतात. “मी तर रोज दोन तास देईन,” म्हणतात. द्या. लवकर संपलं तर कोणी दंड करणार नाही.

नमुन्याचा दुसरा फायदा वेळेपेक्षा मोठा आहे: पद्धतच चुकतेय का ते थोडक्यात कळतं. वीस कागदांनंतर लक्षात येतं की मोडी पत्रांच्या पाठीवरही मजकूर आहे, म्हणजे प्रत्येक कागदाच्या दोन फाइली. हे सहाशेव्या कागदाला लक्षात आलं असतं तर? आपल्या शहराला ही रीत नवी नाही. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण एकदम संस्थानभर लागू केलं नाही. १८९३ साली ते अमरेली तालुक्यात करून पाहिलं, आणि सगळ्या संस्थानाला लागू व्हायला १९०६ उजाडलं. ज्यांच्या हाती अख्खं राज्य होतं त्यांनी एका तालुक्यापासून सुरुवात केली, तर आपण वीस कागदांपासून करायला हरकत नाही.

कॅलेंडर भिंतीवरचं घ्या

फोनमधलं कॅलेंडर नको, भिंतीवरचं घ्या, ज्यात सणवार छापलेले असतात. लाल पेननं आधी न होणारे आठवडे खोडा. बडोद्यात हे खोडणं भरपूर असतं. १४ आणि १५ जानेवारीला पतंगांपायी माणूस गच्चीवरून खाली उतरत नाही, तिथे दोन दिवस सरळ सोडून द्या. घरात बोर्डाच्या परीक्षेचं मूल असेल तर फेब्रुवारी-मार्च अर्धा धरा. गणपती. मग नवरात्र: नऊ रात्री गरबा, मध्यरात्र उलटल्यावर घरी, आणि दुसऱ्या दिवशी जो तो झोपेत. दिवाळीला लाभपंचमीपर्यंत ना छपाईवाला उघडा ना हार्ड डिस्कवाला. ‘नवरात्रात रोज थोडं थोडं करीन’ असं लिहिणाऱ्या माणसानं एकतर बडोदं पाहिलेलं नाही किंवा तो स्वतःशी खोटं बोलतोय.

उरलेल्या आठवड्यांत ‘सवड मिळेल तेव्हा’ असं लिहू नका. पीटर गोलविट्झर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं आहे की ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं नेमकं ठरवलं की ते काम हातून होण्याची शक्यता बरीच वाढते. भाचीनं लिहिलं: ‘रविवारी सकाळचा चहा झाला की जेवणाच्या टेबलावर पांढरी चादर.’ एवढंच. चादर घातली की पुढचं आपोआप होतं, आणि घरातल्यांनाही कळतं की आता तिथे ताट मांडायचं नाही.

आता उन्हाळ्याची गंमत बघा. सुट्या कागदांचं काम करताना पंखा चालत नाही, पत्रं उडतात. एप्रिल-मेमध्ये बडोद्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि बिनपंख्याचं अकरा वाजता बसणं अशक्य. शिवाय घामाचा थेंब शाईवर पडला की संपलं. म्हणून एप्रिलपासून बैठक सकाळी साडेसहाला सरकवली आणि नऊला टेबल मोकळं. असल्या गोष्टी कुठल्याही ॲपच्या साच्यात नसतात. आपल्या कामाचा, घराचा आणि गावाचा ऋतू ओळखून त्या आपणच आराखड्यात घालायच्या असतात.

विचारणारा नेमा

हा माणूस घरातला नको. नवरा, बायको किंवा आई विचारायला लागली की तिसऱ्या आठवड्याला ती चौकशी राहत नाही, कटकट होते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटांचा फोन करणारं कोणीतरी नेमा: मैत्रीण, चुलतभाऊ, निवृत्त मामा. प्रश्न तीनच. गेल्या आठवड्यात काय संपलं? पुढच्यात काय संपणार? कुठे अडलंय? उत्तरं लांबायला लागली, कारणांचे किस्से व्हायला लागले, की समजा गाडी रुळावरून घसरतेय.

भाचीनं याला जोड दिली. रविवारी रात्री त्या दिवशी सापडलेली एक गोष्ट ती कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायची. एकदा पणजोबांच्या रजेचा अर्ज, एकदा सूरसागरच्या काठावर काढलेला कुणा अनोळखी मुलांचा फोटो. पुढच्या रविवारी काही आलं नाही की पुण्याहून, नागपूरहून विचारणा सुरू. पण ग्रुप ही दुधारी गोष्ट आहे. चार फोटो आवडले की फर्माइशी येतात: “आमच्या लग्नाची कॅसेटपण करून टाक ना, तू करतेच आहेस तर!” याला उत्तर एकच: “लिहून ठेवलंय, जानेवारीत बघू.” आणि खरंच लिहून ठेवायचं, वेगळ्या पानावर, वर ‘नंतर’ असं शीर्षक घालून. नाही म्हटल्यावर काका रागावतात, लिहून ठेवलंय म्हटल्यावर रागावत नाहीत.

खरेदी सर्वांत शेवटी

नवखे लोक प्रकल्पाची सुरुवात दुकानातून करतात. स्कॅनर, लेबलं, महागडी डायरी. खरेदी झाली की काम सुरू झाल्यासारखं वाटतं, तिथेच घोटाळा होतो. नमुन्याचे वीस कागद होईपर्यंत काही घेऊ नका. पत्रांसाठी फोनचा कॅमेरा आणि खिडकीतला उजेड चालून जातो. सपाट काचेचा स्कॅनर फोटोंना लागतो, आणि तो थोड्या दिवसांसाठी कुणाकडून आणता येतो.

आराखडा मोडेल, तेव्हा

मोडतोच. कुणी आजारी पडतं, ऑफिसात अचानक काम वाढतं, लागोपाठ दोन रविवार जातात. तेव्हा ‘पुढच्या आठवड्यात दुप्पट करीन’ असं लिहायचं नाही. ज्याला एकपट जमलं नाही त्याला दुप्पट कशी जमणार? वाटा तीनच असतात: काम कमी करा, तारीख पुढे न्या किंवा मदतीला माणूस घ्या. यातली एक निवडा आणि तारीख घालून वहीत लिहा. आमच्याकडे तारीख हलणारी नव्हती, म्हणून नोकरीच्या कागदांपैकी पगारपत्रकं वगळली आणि टाचण्या काढायला भाचीचा कॉलेजातला आतेभाऊ बसवला. त्याला रविवारी सेव-उसळ कबूल केली होती.

मदतीला दुसरा येणार असेल, किंवा मध्ये खंड पडून आपणच महिन्यानं परत येणार असू, तर बैठक संपवताना एक चिठ्ठी लिहायची सवय लावा: कुठवर आलो, पुढचं पहिलं काम काय, काय शंका राहिली. चार ओळी पुरतात. लक्ष्मी विलास राजवाडा बघितलाय ना? त्याचा वास्तुरचनाकार चार्ल्स मँट काम अर्ध्यात असताना १८८१ साली वारला. रॉबर्ट चिझमनं ते पुढे नेलं आणि १८९० साली वाडा पुरा झाला. मोठी कामं अशी एका हातातून दुसऱ्या हातात जाऊ शकतात, पण ती कागदावर असतील तरच. डोक्यात ठेवलेलं काम ज्याचं त्यालाच महिन्यानं सापडत नाही.

काम बंद कसं करायचं

शेवटच्या टप्प्याची आखणी लोक करत नाहीत, आणि म्हणून नव्वद टक्के झालेली कामं वर्षानुवर्षं तशीच राहतात. शेवटालाही ओळी पाडा. आमच्याकडे आत्याआजीसोबत बसायच्या बैठका आधीच ठरवल्या, तास तासभराच्याच, दुपारी तिची झोप झाल्यावर. एका बैठकीला दहा-बारा फोटोच, कारण एका फोटोवरून गोष्ट निघाली की ती वीस मिनिटं चालते आणि ती तोडायची नसते. फोन टेबलावर ठेवून आवाज ध्वनिमुद्रित करायचा, तिला आधी सांगून. नावं लिहिताना नातं आणि गावही लिहायचं. नुसतं ‘बापू’ लिहिलं तर पुढच्या पिढीला तीन बापूंतून निवडावं लागेल.

प्रतींचा नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. एक संगणकात, एक हार्ड डिस्कवर आणि एक ऑनलाइन किंवा परगावच्या नातेवाइकाकडे. आत्याआजी परतताना एक पेनड्राइव्ह न्यू जर्सीला घेऊन गेली, म्हणजे विश्वामित्री कितीही चढली तरी ती प्रत सुखरूप. मूळ कागद धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून परत ट्रंकेत, आणि ट्रंक जमिनीवर न ठेवता लाकडी पाटावर.

मग पहिल्या पानावरचं वाक्य काढा, शब्दशः वाचा आणि प्रत्येक तुकड्यापुढे बरोबरची खूण करा. खूण होत नसेल तर काय राहिलं ते लिहा. सगळ्या खुणा झाल्या की ग्रुपवर कळवा आणि वही मिटा. दुरुस्त्या, आणखी सापडलेले फोटो, ‘हेही करून टाकू’ हे सगळं ‘नंतर’च्या पानावर जाईल.

ते ‘नंतर’चं पान निदान एक महिना उघडू नका. उघडाल तेव्हा त्यातली एकच ओळ उचला आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करा. भाचीनं मोडी उचलली. तिचं नवं वाक्य आहे: ‘पुढच्या गुढीपाडव्याला पणजोबांचं एक पत्र मी घरच्यांना मोठ्यानं वाचून दाखवीन.’ एकच पत्र. मोडीत आधी शिरोरेघ ओढून घेतात आणि मग हात न उचलता तिच्याखाली अक्षरं लिहितात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, आणि नवख्याला सगळी ओळ एकसलग वेटोळी दिसते. म्हणून तिच्या यादीतली पहिली ओळ बाराखडी गिरवायची नाही. ती अशी आहे: ‘दहा पत्रांच्या सुरुवातीचं विनंती विशेष शोधून त्याखाली पेन्सिलीनं खूण करणे, मूळ कागदावर नाही, छापील प्रतीवर.’ मायना ठरावीक असतो, तिथे काय लिहिलं असणार हे आधीच ठाऊक असतं, आणि तेवढ्या अक्षरांवरून पुढची अक्षरं ओळखायला लागतात. नमुन्याला तिनं तीन पत्रं घेतली आहेत, घड्याळ लावून.